देवापुढे लवणारा, साहेबापुढे न लवणारा

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये एक विधी होतो. बारा माणसे ओळीने बाकावर बसतात. चपला बाजूला काढलेल्या, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, आणि बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा संकोच. फादर अंगावरचा झगा उतरवून कमरेला टॉवेल बांधतात, खाली वाकून एकेकाच्या पायावर पाणी ओततात आणि पाय पुसून देतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. पाय धुतलेल्यांत मुली होत्या आणि मुसलमानही होते.

कराडच्या वाचकाला यात फारसे नवल वाटायचे नाही. पंढरीच्या वाटेवर ओळख ना पाळख, तरी माणसे एकमेकांच्या पाया पडतात. नामदेवांची पायरी तर ठाऊक आहेच. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र नम्रतेची सुरुवात भक्तापासून होत नाही. आधी देव खाली आला, दास झाला, क्रुसावर गेला. माणसाने फक्त त्याच्या मागे चालायचे. विठ्ठलही जनीबरोबर दळायला बसतो, असे आपण मानतो. म्हणूनच हा विचार मराठी मनाला परका वाटत नसावा.

तो परका नाही, हे ज्याने सगळ्यात ठासून सांगितले तो माणूस आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात कराडपासून तासाभराच्या वाटेवर, साताऱ्यात येऊन राहिला होता. नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन, संस्कृतचा व्यासंगी, हाडाचा कवी आणि महा शीघ्रकोपी. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळक वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. त्या प्रवचनाची सुरुवातच दीनांना धन्य म्हणण्याने होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या इच्छेने एका भारतीय पाळकाच्या हातून.

ही गोष्ट बारीक दिसते, पण महत्त्वाची आहे. नम्रता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हात जोडून, मान खाली घालून उभा राहिलेला माणूस येतो. टिळक त्यातले नव्हते. भारतीय ख्रिस्ती माणसाने मिशनऱ्यांच्या तोंडाकडे पाहत जगू नये, यासाठी ते भांडत राहिले. देवापुढे पूर्ण लवलेला हा माणूस साहेबापुढे लवायला तयार नव्हता. लीनता आणि लाचारी यांत आपण नेहमी गल्लत करतो. टिळकांनी ती केली नाही.

भजनातून नम्रता गाणे सोपे आहे. टिळकांनी अभंग आणि ओव्यांच्या चालीत कितीतरी भक्तिगीते लिहिली, मराठी मंडळ्या ती आजही गातात. पण परीक्षा झाली ती घरात. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याचा अतिरेक असलेल्या घरात वाढलेल्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याकडे राहायला आल्या तरी सुरुवातीला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. एवढ्या तापट माणसाने एवढी वाट पाहावी, ही मला तरी त्यांच्या सगळ्या अभंगांहून मोठी गोष्ट वाटते. माणसांनीच जाती केल्या, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने पटले, तेव्हा सोवळे गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर त्याच घरात अनाथ मुले वाढली, बालकवी ठोमरेही काही काळ राहिले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती नरम, आणि मुळात पैसा हाती टिकवायची सवय नाही. ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दरबार हा शब्द राजवाड्यांच्या साताऱ्यात शोभणारा, पण इथे मानकरी कुणी नव्हते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका पंक्तीला, ही त्यामागची कल्पना. चर्चच्या वहीत नाव असणे हा मोठेपणाच त्यांनी काढून टाकला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना ही वही किती मोलाची वाटत असेल, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातले धाडस कळते.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले.

लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना नवऱ्याचा संत केला नाही. त्यांचा संताप, विसरभोळेपणा, उधळेपणा सगळे हसत हसत सांगितले, स्वतःची फजितीही लपवली नाही. नम्रतेवरचे प्रवचन ऐकायचा कंटाळा असेल, तर गावच्या वाचनालयातून हे पुस्तक आणावे आणि पहिल्या पानापासून वाचावे.