परक्या पंगतीतले पान

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’, म्हणजे कृतज्ञतेचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तेथील माणूस शक्यतो आईबापांच्या घरी जेवावयास परततो. महाविद्यालये ओस पडतात, वसतिगृहांच्या अनेक खानावळींना कुलपे लागतात आणि मागे उरतात ती परदेशांतून शिकावयास आलेली मुले. शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्याला सुरत-भुसावळ लोहमार्गही लागतो आणि मुंबई-आग्रा महामार्गही. बाहेर पडण्याच्या वाटा तेथे दारातच आहेत. परंतु अशा गावातून थेट अमेरिकेत गेलेल्या मुलाला आपण परदेशी आहोत हे विमानतळावर जितके जाणवत नाही, तितके या चार दिवसांच्या सुटीत जाणवते.

मग एखादा प्राध्यापक किंवा वर्गमित्र त्याला आपल्या घरी जेवावयास बोलावतो. नाही तर मागे राहिलेली मुलेच एकत्र येऊन आपली पंगत मांडतात. कोणी वरणभात रांधतो, कोणी वांग्याचे भरीत करतो, कोणी चिनी पदार्थ आणतो. कोणी टर्की पक्षी भाजतो, तर कोणी त्याला शिवतही नाही. मातृभाषा निरनिराळ्या आणि देव निराळे, तरी घर दूर असल्याचे दुःख सर्वांचे एकच असते. या पंगतीला निव्वळ मौज समजणे योग्य होणार नाही, कारण या सणाचा उगमच परक्याला मिळालेल्या अन्नात आहे.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेल्या सुमारे शंभर इंग्रजांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यातच दगावले. उरलेल्यांना मका पेरण्याची रीत टिस्क्वांटम नावाच्या मूळ रहिवाशाने शिकविली. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्यालाच पळवून स्पेनमध्ये विकावयास नेले होते. पुढे इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याचे गाव साथीच्या रोगाने नाहीसे झाले होते. परमुलखात एकटे पडणे म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगावयास नको होते. १६२१ च्या सुगीनंतर वांपानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह इंग्रजांच्या वस्तीवर आला आणि तीन दिवस एकत्र भोजन झाले. पण त्याच मॅसासॉइटच्या मुलाशी, मेटाकॉमशी, १६७५ मध्ये वसाहतवाल्यांचे युद्ध पेटले आणि त्यात जमातीची वाताहत झाली. लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, हा दिवस राष्ट्रभर पाळण्याचे आवाहन केले. १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. मूळ रहिवाशांचे वंशज मात्र १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळतात. यजमानाला विसरणारी कृतज्ञता किती पोकळ असते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

उलट दाखलाही आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरात घेतले. ओळख होती ती केवळ पत्रांची. आनंदीबाईंनी धर्म बदलला नाही, शाकाहार सोडला नाही. तरीही त्या घरात त्या परक्या राहिल्या नाहीत. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानत. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. जेवणाच्या मेजावरील जागा अखेर कुळातील जागा झाली.

खानदेशी मुलाला कृतज्ञतेचे भोजन अनोळखी वाटण्याचे कारण नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा मुंबई-सुरतेकडे पोटासाठी गेलेले भाऊबंद गावी परततात. मूठमूठ मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात आणि नैवेद्याच्या पानावर गंगाफळाची भाजी असते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातही भोपळा असतोच. हा तांबडा भोपळा, तसेच मिरची, शेंगदाणा व मका ही सारी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी लागवडीखाली आणलेली पिके होत. ज्यांचे ऋण प्लिमथच्या इंग्रजांवर होते, त्यांच्याच भाईबंदांचे ऋण नरडाण्याच्या चुलीवरही आहे! मात्र कानबाईचा रोट पुष्कळ घरांत भाऊबंदांपुरताच असतो. आपल्या सणांची वीण घट्ट आहे, पण दार काहीसे अरुंद आहे.

परक्याच्या अन्नावर शिकणे महाराष्ट्राला नवे नव्हे. वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्यांच्या पिढ्या येथे होऊन गेल्या. परंतु ते पान जात विचारून वाढले जाई. ती रेषा पुसण्याचे काम वसतिगृहांनी केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली, आणि त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

आज पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत ईशान्य भारतातील, काश्मीरमधील, आफ्रिकेतील मुले शिकतात. दिवाळीत त्यांच्याही खानावळी बंद होतात, आणि त्यांनाही फराळाचे वास बंद दारांआडूनच येतात. ज्या घरातील मुलगा अमेरिकेत परक्याच्या पंगतीला बसला, त्या घराने यांतील एकाला तरी पाटावर बसवावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. सुटीपूर्वी वर्गात ‘घरी कोण जाणार नाही?’ एवढा प्रश्न शिक्षकाने विचारला तरी सुरुवात होईल.

दूरदेशीच्या यजमानाला त्याचे जेवण सहसा परत घालता येत नाही. त्याला आपली गरज पडत नाही आणि आपल्याला तो पुन्हा भेटत नाही. म्हणूनच हे ऋण पुढच्या परक्याच्या पानात फेडावयाचे असते. तसे ते फेडले, तरच त्या दिवशी मानलेले आभार खरे ठरतील.