सशाला फळ देताना

वाचकहो, ससा तुम्हाला नवा नाही. शेतात जाताना पायाजवळून टणकन उडून पळणारा ससा तुम्ही पाहिला असेल. पण तो रानससा. तो पाळायचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला धरणे हा गुन्हा आहे. घरी पाळतात तो ससा निराळा. तो मूळचा युरोपातला. रानसशाची पिले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. पाळीव सशाची पिले उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात. आठ-दहा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात.

अशा पांढऱ्या सशांची एक जोडी माझ्या नातीने हट्ट करून आणली होती. गौरी-गणपतीचे दिवस आले. घरात पाहुणे, आणि पाहुण्यांच्या हातात प्रसाद. जो तो पिंजऱ्यापाशी जाई आणि सशाला काहीतरी भरवी. कुणी केळे, कुणी सफरचंदाची फोड, कुणी मनुका, कुणी खोबऱ्याचा तुकडा. ससे दोन पायांवर उभे राहून मागत. सगळ्यांना मौज वाटे. मलाही वाटली. खोटे कशाला सांगू, सर्वांत जास्त केळी मीच चारली.

तिसऱ्या दिवशी मादी कोपऱ्यात अंग फुगवून बसली. काही खाईना. पिंजऱ्यात लेंड्या दिसेनात. नात म्हणाली, "आजोबा, तिला डॉक्टरकडे नेऊ या ना." मी म्हणालो, "अगं, जास्त खाल्लंय. एक दिवस लंघन पडलं की आपोआप बरी होईल."

माणसाला लंघन मानवते, म्हणून मी तसे म्हणालो. आणि तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि विचारले, "गुरुजी, हिला काय काय घातलंत?" मी यादी सांगितली. "आणि गवत?" "गवत कुठलं? गोड मिळाल्यावर ती गवताला तोंड लावीना." डॉक्टर म्हणाले, "काल आणायला हवं होतं." त्या रात्री मादी गेली.

असे का झाले, ते त्यांनी मला नीट समजावले. तेच तुम्हाला सांगतो.

सशाचे पोट गवतासाठी घडलेले आहे. गाय रवंथ करते, ससा करीत नाही. त्याच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. हे जंतू उपकारी आहेत. ते गवत आंबवतात आणि त्यातून सशाचे पोषण होते. त्या पिशवीतून मऊ लेंड्या येतात, त्या ससा स्वतःच पुन्हा खातो. पाहणाऱ्याला किळस वाटते, पण ते त्याचे अन्नच आहे. त्याला अडवू नये.

आता या पिशवीत गवताऐवजी साखर गेली, तर काय होईल? उपकारी जंतू मागे पडतात आणि वाईट जंतू माजतात. पोटात वायू धरतो. आतड्याची हालचाल मंदावते, मग थांबते. सशाला ओकारी करता येत नाही. आत गेलेले बाहेर टाकायला त्याच्यापाशी दुसरी वाटच नाही. आणि उपाशी राहिला की आतडे आणखीच थांबते. माझ्या लंघनाने मादीचे उरलेसुरले बळही गेले.

म्हणजे केळे हे काही विष नव्हे. द्राक्षे, चिकू, आंबा हीही नव्हेत. (द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला मात्र खरोखरच बाधतात. त्याचे मूत्रपिंड बिघडते. कुत्र्याचा नियम निराळा, सशाचा निराळा.) सशाला ही फळे बाधतात ती जास्त झाल्यामुळे. मनुका, खजूर, सुके अंजीर यांत तर साखर आटून घट्ट झालेली असते. ती देऊच नयेत. खोबऱ्यात तेल फार, तेही नको.

काही फळांत मात्र खरेच विष असते. शहरातल्या बाजारात लोण्यासारख्या गराचे ॲव्होकॅडो नावाचे हिरवे फळ मिळते. काही शेतकरी आता त्याची झाडेही लावू लागले आहेत. ते माणसाला चांगले, पण सशाच्या हृदयाला घातक. त्याचा पालासुद्धा सशाला आणि शेळीला घालू नये.

मग बियांचे पाहा. कोवळी ज्वारी खाऊन गुरे धापा टाकत पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या ज्वारीत जे विष तयार होते, तेच सफरचंदाच्या बीमध्ये आणि पीच, अलुबुखार यांच्या कोयीतही चावल्यावर तयार होते. एक-दोन बियांनी ससा मरेलच असे नाही. पण जीव केवढा, दोन किलोचा! बी काढूनच फोड द्यावी. सीताफळाचे बीही विषारी. त्याची पूड पूर्वी बायका उवा मारायला लावीत आणि डोळ्यांत गेली तर डोळे जात. सीताफळ सशापासून लांबच ठेवा.

गवत कापताना बांधावरची फळे त्यात येतात, तेही पाहावे. पिवळ्या कण्हेरीचे फळ, एरंडाची बी, घाणेरीची फळे व पाला, यांतले काही भाऱ्यात नको. टोमॅटोची पिकलेली फोड चालते, पण हिरवा टोमॅटो, त्याचा देठ आणि पाला चालत नाही. धोत्र्याची तर गंमतच आहे. काही सशांच्या रक्तात त्याचे विष मोडणारा रस असतो, म्हणून ते धोत्रा पचवतात. पण तुमचा ससा त्यांतला आहे की नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही. तेव्हा परीक्षा पाहू नका.

मग द्यावे काय? वाळलेले गवत दिवसरात्र पुढ्यात हवे. सशाचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला चार-पाच इंच. ते गवत चावूनच झिजतात. जोडीला हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला. चित्रातला ससा नेहमी गाजर खातो, पण गाजरही गोडच, ते खाऊ म्हणून चकतीभरच द्यावे. फळ म्हणाल तर दोन किलोच्या सशाला चमचाभर, आठवड्यातून दोनदा. धुऊन द्यावे, कारण फळावर फवारणी असते. तीन महिन्यांच्या आतल्या पिलाला मुळीच नको.

आणि ससा बारा तास खाईना, लेंड्या पडेनात, दात करकर वाजवू लागला, तर थांबू नका. दवाखाना गाठा. घरातली माणसांची गोळी देऊ नका. काही गोळ्या उपकारी जंतूच मारून टाकतात.

आमचा नर वाचला. पिंजऱ्यावर नातीने पाटी लावली आहे, "विचारल्याशिवाय काही देऊ नये." पाहुणे आले की ती आधी माझ्याकडे बघते.