कर्णधार होता, नेता नव्हता!

१९३६ चा जून महिना. लॉर्ड्‌सवर मायनर काउंटीज संघाविरुद्ध भारतीय संघाचा सामना चालू होता. लाला अमरनाथ पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत होते. गडी बाद होत होते; पण दर वेळी कर्णधार दुसऱ्याच कुणाला तरी पुढे धाडत होता. अखेर दिवस संपत आला तेव्हा त्यांचा नंबर लागला. परत आल्यावर त्यांनी सामान आदळले आणि पंजाबीत सारा संताप ओकून टाकला. शिक्षा काय? पहिली कसोटी सुरू होण्याआधीच त्यांची मायदेशी रवानगी! १९३३ मध्ये मुंबईत भारताचे पहिले कसोटी शतक ठोकणारा हाच तो खेळाडू.

कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, अर्थात ‘विझी’. खेळाचे त्यांना वेड होते, पैसाही अमाप होता. जॅक हॉब्जसारख्या फलंदाजाला त्यांनी भारतात खेळायला आणले होते. पण स्वतःचे काय? त्या दौऱ्यातल्या तीन कसोटींत मिळून धावा अवघ्या ३३. हाताखाली मात्र सी. के. नायडू, विजय मर्चंट यांच्यासारखे दिग्गज! त्यांचा मोठेपणा कर्णधाराला खुपू लागला आणि संघात सरळ दोन तट पडले. न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान केला म्हणून एकाला कसोटीत जागा मिळाली, असे सांगतात.

मँचेस्टरच्या कसोटीतला किस्सा तर प्रसिद्धच आहे. मर्चंटना धावबाद केलेस तर सोन्याचे घड्याळ देईन, असे आमिष विझींनी मुश्ताक अलींना दाखवले म्हणे. मुश्ताकनी ते मर्चंटनाच सांगून टाकले! दोघे हसले आणि त्यांनी २०३ धावांची सलामी दिली. दोघांचीही शतके झाली. सामना वाचला, मालिका मात्र ०-२ अशी गेली.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीने चौकशी केली. क्षेत्ररचना, गोलंदाजीतले बदल, फलंदाजीचा क्रम, कशातच कर्णधाराला गती नव्हती, असा ठपका तिने ठेवला आणि अमरनाथना निर्दोष ठरवले. पण त्यांची हुकलेली मालिका कोण परत देणार? पुढची कसोटी त्यांना मिळाली ती थेट १९४६ मध्ये!

चारच वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, पोरबंदरचे महाराजही असेच संस्थानिक कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले होते. आपला वकूब ओळखून त्यांनी भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीचे नेतृत्व नायडूंच्या हाती सोपवले. सामना हरला, पण पहिल्याच सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती.

ऑफिस असो, दुकान असो की घर, खुर्ची दोघांनाही मिळाली होती. एकाने ती सांभाळण्यासाठी माणसे गमावली, दुसऱ्याने माणसांसाठी खुर्ची सोडली. आपल्यापेक्षा सरस माणूस शेजारी बसला, तर आपण यांतले कोण होतो?