रेषा कोठवर खरी?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला नववीत बीजगणित शिकविले. 'प्रांत' हा शब्द गणिताच्या अर्थाने मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला. एरवी 'तो माझा प्रांत नव्हे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या विषयात बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढे कबूल करीत असतो. (आपल्या सीमाभागात या शब्दावरून आणखीही पुष्कळ विषय निघतात, त्यांना आज मी हात घालीत नाही.) गणितातील अर्थ याहून फार दूरचा नाही. एका राशीवरून दुसरी राशी ठरवून देणारा नियम म्हणजे फल, आणि त्या नियमाला ज्या किमती देण्याची मुभा आहे त्यांचा संच म्हणजे त्या फलाचा प्रांत.

२४ सेंटिमीटर लांबीची मेणबत्ती तासाला ३ सेंटिमीटर जळते. क तासांनी उरलेली लांबी २४ − ३क. सरांनी विचारले, "नवव्या तासाअखेर किती उरेल?" मी उभा राहून मोठ्या आत्मविश्वासाने "उणे तीन" असे सांगितले. सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'उणे ३ सें.मी.' असे लिहिले आणि खिशातून काडेपेटी काढून त्या अक्षरांना काडी लावण्याचा अभिनय केला. वर्ग हसला. पुढे बीजगणितातले पुष्कळ काही विसरलो, ती काडी मात्र विसरलो नाही.

माझा हिशेब चुकला नव्हता. २४ मधून २७ वजा केले की उणे ३ च उरतात. कागदावर रेषा दोन्ही बाजूंना कितीही वाढविता येते, आणि तिथे तिचा प्रांत सर्व वास्तव संख्यांचा असतो. पण हीच रेषा मेणबत्तीची म्हटली, की ती शून्य तासाला सुरू होते आणि आठव्या तासाला विझते. प्रांत सूत्रातून निघत नाही. ज्या वस्तूविषयी सूत्र लिहिले, तिच्याकडे पाहून तो ठरवावा लागतो.

ही जाण जुनी आहे. ११५० साली पूर्ण झालेल्या 'सिद्धांतशिरोमणी'तील बीजगणितात भास्कराचार्यांनी माकडांच्या कळपाचे एक उदाहरण घातले आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून उरेल त्याचा वर्ग केला, तर तितकी माकडे गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसते. तर एकूण माकडे किती? हे समीकरण रेषीय नव्हे, वर्गसमीकरण आहे. उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. दोन्हींचा ताळा जमतो. तरी भास्कराचार्य ५ हे उत्तर सोडून देतात, कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक, आणि त्यातून तीन माकडे काढता येत नाहीत.

काही ठिकाणी रेषेवरचे सगळे बिंदूदेखील आपले नसतात. सहलीच्या बसचे भाडे ८,००० रुपये आणि दर मुलामागे जेवणाचे ६० रुपये धरले, तर खर्च ८,००० + ६०म. येथे म ही पूर्ण संख्याच असली पाहिजे. साडेसदतीस मुले सहलीला जात नाहीत. आलेख म्हणजे सलग रेषा नव्हे, तुटक ठिपक्यांची ओळ. बसमध्ये ५० आसने असतील तर पन्नासाव्या ठिपक्यावर ती ओळ थांबते. एक्कावन्नाव्या मुलासाठी दुसरी बस लागते आणि खर्च एकदम वर उडी घेतो.

निसर्गातील नियमांची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तेथे आसने मोजता येत नाहीत. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर किलोमीटर उंचीमागे ते ६.५ अंशांनी उतरते. या रेषेने बेळगावची हवा गोव्यापेक्षा थंड का, हे ठीक समजते. परंतु तिचा प्रांत ११ किलोमीटरपर्यंतच. तेथे तापमान उणे ५६.५ वर येते आणि २० किलोमीटरपर्यंत तसेच राहते. नंतर तर ते वाढू लागते. कोणी ही रेषा आंधळेपणाने पुढे ओढली, तर ४४ किलोमीटरच्या किंचित वर ती केवल शून्याला, म्हणजे उणे २७३.१५ अंशांना, जाऊन भिडते. त्या उंचीवर त्याच कोष्टकातले तापमान उणे १० च्या आसपास असते. घरातल्या ताप मोजण्याच्या पाऱ्याच्या नळीवर ३५ ते ४२ एवढेच आकडे असत. ती करणाऱ्याने प्रांत काचेवरच कोरून ठेवला होता.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. १९८६ च्या उन्हाळ्यात मी पाणीपुरवठ्याच्या कामावर एका लहान गावी नेमणुकीस होतो. गावाची सारी भिस्त एका तलावावर होती. १ एप्रिलला मोजपट्टीच्या खांबावर पाणी ३०० सेंटिमीटर होते आणि गेले दोन आठवडे ते दिवसाला ४ सेंटिमीटर उतरत होते. मी लिहिले : पातळी = ३०० − ४द. शून्य येण्यास ७५ दिवस. म्हणजे १५ जून, आणि तोपर्यंत पाऊस लागलेला असणार. मी तसा अहवाल दिला, आणि टँकरची मागणी केली नाही.

चुका दोन होत्या. सूत्राचा शून्य तलावाच्या तळाशी होता, पण पाणी उपसणाऱ्या नळाचे तोंड १०० सेंटिमीटरवर होते. त्याखालचे पाणी म्हणजे मृत साठा. तो दिसतो, मिळत नाही. तेव्हा त्या रेषेचा प्रांत फार तर ५० दिवसांचा होता. दुसरी चूक अधिक खोल होती. तलाव परातीसारखा, खाली निमुळता होत गेलेला. उपसा तोच राहिला, तरी पाण्याचा पसारा जसजसा आकसतो तसतशी पातळी अधिक वेगाने उतरते. पहिले पंचवीस दिवस माझी रेषा बरोबर चालली, आणि त्यामुळे मी निर्धास्त झालो. पुढे उतार दिवसाला पाच, मग सहा सेंटिमीटर झाला. त्रेचाळिसाव्या दिवशी, १४ मे रोजी, पंप हवा ओढू लागला.

टँकर यायला आणखी आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत बायका दीड कोसावरच्या एका विहिरीवरून पाणी आणीत होत्या. मला कोणी काही बोलले नाही. माझा हिशेब कोणी तपासला असता, तर गुणाकार-भागाकारात त्याला एकही चूक सापडली नसती. एक म्हातारी तेवढे म्हणाली, "साहेब, तळ्यात पाणी दिसतंय की अजून."

पाऊस लागल्यावर त्या खांबावर १०० च्या आकड्याशी मी तांबडा पट्टा ओढवून घेतला, आणि नोंदवहीत दर पंधरवड्याला उतार नव्याने मोजण्याचा रकाना घातला. पुढच्या उन्हाळ्यात टँकरची मागणी मार्चमध्येच गेली.