सामाईक संगणकाची कुलपे

आपल्या बाळकुमातल्या एखाद्या लहान कचेरीची कल्पना करा. संगणक एक, त्यावर पाळीपाळीने बसणारे कारकून तीन, आणि प्रवेशाचे नाव व संकेतशब्द तिघांत मिळून एकच. सकाळच्या कारकुनाने तारखेची मांडणी बदलून महिना आधी आणला. ५ एप्रिलची मुदत ०४/०५ अशी दिसू लागली. दुपारच्याने ती ४ मे वाचली आणि बिल थकले. दोष कोणाचा? माझ्या मते, तिघांना एका नावाखाली बसविणाऱ्याचा.

विंडोजमध्ये तारखेची मांडणी, कळफलक, पडद्यावरचे चित्र या गोष्टी त्या त्या खात्यापुरत्या असतात. प्रत्येकास स्वतंत्र खाते दिले की निम्मे भांडण तिथेच मिटते. यंत्राचे घड्याळ मात्र सर्वांचे. ते बदलण्याचा अधिकार साध्या खात्याला नसतो, व्यवस्थापकाच्या खात्याला असतो.

यंत्रे पुष्कळ असली तर प्रत्येकापाशी जाऊन कुलूप लावायला नको. विंडोज २००० बरोबर आलेल्या ‘ग्रुप पॉलिसी’त मध्यवर्ती सर्व्हरवर नियम एकदा घातला की त्याला जोडलेली यंत्रे तो आपण होऊन उचलतात. ही सोय हाती आली की काहींना चेव चढतो. ते ‘सेटिंग्ज’चे दालनच बंद करून टाकतात. मग मराठी पत्रासाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडायचा तरी साहेबांची वाट पाहा! अशा कचेरीत साहेबांचा संकेतशब्द लवकरच चिठ्ठीवर उतरून टेबलाच्या काचेखाली येतो, आणि त्या चिठ्ठीपुढे सर्व्हरवरचे सारे नियम लंगडे पडतात. तेव्हा कारकुनांना आधी विचारावे, कळफलक आणि प्रिंटर जोडून द्यावेत, आणि मग दालन बंद करावे.