अपरिचित धर्मपरंपरा आणि समुपदेशकाची नीती

सल्लार्थीच्या धर्मपरंपरेची माहिती नसणे हा समुपदेशकाचा दोष नव्हे. परंतु त्या अज्ञानावरून निष्कर्ष काढणे नीतीला धरून नाही. एक कल्पित उदाहरण पाहू.

पतिनिधनानंतर दोन महिने घरातच असलेली एक मुस्लिम स्त्री दूरध्वनीवरून समुपदेशकाशी बोलते. ती साजशृंगार करीत नाही, समारंभांना जात नाही. ‘इद्दत’ ठाऊक नसलेला समुपदेशक हे नैराश्याचे लक्षण समजेल. वस्तुतः विधवेसाठी हा काळ ४ महिने १० दिवसांचा, गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंतचा असतो. उलटपक्षी, इद्दतीविषयी केवळ वाचलेला समुपदेशक सारे प्रथेत जमा करील आणि तिची झोप उडाली आहे, जगणे नकोसे झाले आहे, हे त्याच्या ध्यानी येणार नाही. पहिल्या चुकीत श्रद्धा आजार ठरते. दुसरीत आजार श्रद्धेआड दडतो.

म्हणून “हा काळ आपण कसा पाळता? त्याचा आधार वाटतो की ओझे?” असे तिलाच विचारावे, नातेवाइकांचे उत्तर पुरेसे मानू नये. प्रथेची सर्वसाधारण माहिती समुपदेशकाने स्वतः मिळवावी. मात्र जाणकाराशी बोलताना तिची ओळख उघड करू नये. जिवाला धोका जाणवल्यास तिला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. आवश्यक उपचारांसाठी बाहेर पडण्यास इद्दतीतही सामान्यतः मुभा असते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार धर्मावरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न : वरील दोन चुकांपैकी कोणती आपल्या हातून घडण्याचा संभव अधिक आहे? का?