घरी परतलेला बाप

भाऊबंदकी, अबोला आणि अखेरीस मनोमीलन हा आपल्या नाटकांचा आणि चित्रपटांचा फार जुना विषय आहे. अशा कथेच्या शेवटच्या अंकात कोणीतरी अंथरुणाला खिळते, दूर गेलेली माणसे उशापायथ्याशी गोळा होतात, अश्रू वाहतात आणि त्यांत मनातील किल्मिष धुऊन जाते. प्रेक्षकही डोळे टिपून समाधानाने घरी जातात. आज ज्या अमेरिकन चित्रपटाविषयी बोलावयाचे आहे, त्याने हाच साचा उचलला आहे. मात्र त्यातील आजारच खोटा ठरविला आहे. मृत्युशय्येची बतावणी करून जोडलेली माणसे खरोखर जोडली जातात काय, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो आपल्याला हसवीत हसवीत विचारलेला आहे.

या चित्रपटाचे नाव ‘द रॉयल टेननबॉम्स’. तो २००१ साली प्रदर्शित झाला. वेस अँडरसन हे त्याचे दिग्दर्शक असून पटकथा त्यांनी ओवेन विल्सन यांच्यासह लिहिली आहे. या पटकथेस ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले होते. बापाची भूमिका जीन हॅकमन यांनी केली आणि तीबद्दल त्यांना गोल्डन ग्लोब पारितोषिक लाभले. हे थोर नट २०२५ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले.

कथा न्यूयॉर्कमधील एका सधन कुटुंबाची आहे. रॉयल हे बापाचे नाव. तो एके काळचा नामांकित वकील. पुढे सनद गेली आणि काही काळ तुरुंगवासही घडला. पत्नी एथेलिन ही पुरातत्त्वज्ञ. तिन्ही मुले लहानपणीच असामान्य म्हणून गाजलेली. चॅस हा पैशाच्या व्यवहारात निष्णात, दत्तक घेतलेली मार्गो नाटककार, तर रिची टेनिसपटू. परंतु बाप कसा? मार्गोची ओळख करून देताना ‘ही माझी दत्तक मुलगी’ असे न विसरता सांगणारा! अकराव्या वाढदिवशी तिने केलेले नाटक पाहून त्याने तिच्या तोंडावर त्याची वासलात लावली. चॅसच्या पेटीतील रोखे त्याने चोरले, म्हणून पुढे मुलाने बापावर फिर्यादही केली. असा हा गृहस्थ घर सोडून २२ वर्षे एका हॉटेलात राहिला. मुलांचा लौकिकही हळूहळू मावळला.

हॉटेलचे बिल थकून बाहेर पडण्याची पाळी येते आणि त्याच सुमारास एथेलिनला हेन्री शर्मन या सज्जन हिशेबनिसाने मागणी घातल्याचे कळते, तेव्हा रॉयलला कुटुंबाची आठवण होते. तो पत्नीला रस्त्यात गाठतो आणि आपण थोड्याच दिवसांचे सोबती असल्याचे सांगतो. ती हुंदके देऊ लागताच घाबरून म्हणतो, ‘नाही, मी मरत नाही.’ ती संतापून त्याला मारते, तेव्हा पुन्हा सांगतो, ‘अगं, खरेच मरतो आहे!’

या चित्रपटाच्या विनोदाची सारी रीत या प्रसंगात दिसते. येथे कोणी विनोद करीत नाही, कोणी तोंड वेडेवाकडे करीत नाही. पात्रे अत्यंत गंभीर असतात. एखाद्या जुन्या कादंबरीचे वाचन चालावे तसा निवेदकाचा आवाज शांतपणे कथा सांगत राहतो आणि चित्रपटाची मांडणीही पुस्तकातील प्रकरणांप्रमाणे केलेली आहे. या गांभीर्याखाली दुःख दडलेले असते. हसू ओसरले की ते दुःख आपोआप ध्यानात येते.

थोरल्या चॅसचेच पाहा. विमान-अपघातात त्याची पत्नी गेलेली आहे. तो, त्याचे दोघे मुलगे आणि कुत्रा तेवढे वाचले आहेत. तेव्हापासून बाप व मुलगे तिघेही सदैव एकसारखा तांबडा खेळाचा पोशाख घालून असतात. मध्यरात्री मुलांना उठवून तो आगीतून पळण्याची तालीम घेतो आणि हातातील घड्याळ पाहून जाहीर करतो की, बाहेर पडण्यास ४ मिनिटे ४८ सेकंद लागली, सबब आपण सर्वजण जळून मेलो! प्रेक्षक हसतात खरे. पण ही भीती कोठून आली हे कळल्यावर त्या हसण्याला वेगळाच रंग चढतो.

रॉयलचे सोंग उघडकीस आणतो तो हेन्री. त्याची स्वतःची पत्नी पोटाच्याच कर्करोगाने गेलेली असल्यामुळे खऱ्या आजाराची लक्षणे त्यास ठाऊक असतात. रॉयलची औषधे म्हणजे साध्या पेपरमिंटच्या गोळ्या निघतात! घराबाहेर काढले जात असता रॉयल म्हणतो की, गेले सहा दिवस हे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे दिवस होते. हे वाक्य तो नेहमीच्या सवयीने, वेळ मारून नेण्यासाठी बोलतो. निवेदक सांगतो की, शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला कळले की, हे खरे आहे. माझ्या मते सबंध चित्रपटाचा कणा येथे आहे. खोटे बोलता बोलता या माणसाच्या तोंडून चुकून सत्य निघाले आणि ते त्याला स्वतःलाच ऐकू आले.

त्याच्याबरोबर घरातला जुना नोकर पॅगोडा हाही रस्त्यावर येतो. फितुरीने रॉयलला बातम्या पुरविणारा हा विश्वासू माणूस रागाच्या भरात धन्याच्या अंगात चाकूही खुपसतो. ही भूमिका करणारे कुमार पल्लाना यांचा जन्म १९१८ साली आपल्या इंदूर शहरी झाला, हे तेथील श्रोत्यांना ऐकून कौतुक वाटेल. हातचलाखीचे आणि काठीवर बशा फिरविण्याचे खेळ करणारा हा कलावंत १९४६ मध्ये अमेरिकेस गेला व पुढे डल्लास शहरी स्थायिक झाला. तेथे त्यांच्या मुलाच्या कॉफीगृहात तरुण अँडरसन आणि विल्सन येऊन बसत. त्या ओळखीतून पल्लाना उतारवयात चित्रपटात आले. २०१३ मध्ये ते निवर्तले.

घरातून निघाल्यावर रॉयल काय करतो? ज्या हॉटेलात रुबाबात राहिला, त्याच हॉटेलात लिफ्ट चालविण्याची नोकरी धरतो. इतकी वर्षे अडवून ठेवलेल्या घटस्फोटाच्या कागदांवर मुकाट्याने सही करतो आणि पत्नीला हेन्रीशी विवाह करण्यास मोकळी करतो. या सहीतून त्याच्या पदरात काहीच पडावयाचे नसते.

विवाहाच्या दिवशी एक बेभान मोटार घरावर येऊन आदळते. रॉयल नातवांना बाजूला ढकलून वाचवितो. चॅसचा कुत्रा मात्र चिरडला जातो. तेव्हा रॉयल तेथे आलेल्या अग्निशामक दलाच्या माणसांकडूनच त्यांचा ठिपकेदार कुत्रा विकत घेतो आणि नातवांच्या हाती देतो. वर्षभर ताठ राहिलेला चॅस त्या वेळी एवढेच म्हणतो की, हे वर्ष फार जड गेले. बाप उत्तरतो की, मला ठाऊक आहे. दोघांत एवढेच बोलणे होते आणि तेवढे पुरते.

बायबलातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्यास मिठी मारतो. येथे बाप उधळा आहे आणि दारात उभी असलेली मुले धावत येत नाहीत. त्यांनी का यावे? मुलाचे अपराध पोटात घालणे बापाला सोपे जाते. बापाने हरविलेले बालपण मात्र मुलांना कोणी परत देऊ शकत नाही. म्हणून या चित्रपटात क्षमेची भाषणे नाहीत. बतावणीने रॉयलला घरात सहा दिवस मिळाले. मुलाच्या मनात जागा मिळाली ती बतावणी संपल्यावर, मोबदला न मागता केलेल्या दोन-चार साध्या कृत्यांनी. वयाच्या ६८ व्या वर्षी त्याला खरेच मरण येते, तेव्हा रुग्णवाहिकेत त्याच्याजवळ एकटा चॅस असतो. थडग्यावरील मजकुरात मात्र हा गृहस्थ बुडत्या युद्धनौकेतून कुटुंबाला वाचविताना गेल्याची शेवटची थाप असतेच!

अबोला धरलेली घरे आपल्याकडेही थोडी नाहीत. पुष्कळदा आपण एखाद्या आजारपणाची, नाही तर लग्नकार्याची वाट पाहत बसतो. तोपर्यंत थांबण्याचे कारण नसते, एवढे हा चित्रपट पाहून उठणाऱ्याच्या मनात आले, तरी पुष्कळ झाले.